पाळीव कासवाची हिवाळ्यातील काळजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचे कंदील उतरले आणि पहाटेचा गारवा वाढू लागला की घरात कासव पाळणाऱ्यांच्या मनात तेच ते प्रश्न पुन्हा उभे राहतात. कासव खात नाही, एका कोपऱ्यात डोळे मिटून बसते, हात लावला तरी पाय आत ओढत नाही. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात की ते झोपले आहे, त्याला झोपू द्या. हा सल्ला प्रेमापोटीच दिलेला असला तरी आपल्याकडील हवामानात तो बहुधा चुकीचा ठरतो. तो का चुकीचा आणि त्याऐवजी काय करावे, हे पुढील उत्तरांत सांगितले आहे.

प्रश्न : ही माहिती कोणत्या जातीच्या कासवासाठी आहे?

आपल्याकडे मत्स्यपालनाच्या दुकानांत नाण्याएवढे हिरवे पिल्लू म्हणून जे विकले जाते आणि ज्याच्या डोळ्यामागे लाल पट्टा असतो, त्या पाणकासवासाठी, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडरसाठी. त्याचे मूळ घर अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे आणि त्यालगतचा मेक्सिकोचा उत्तर भाग हे आहे. नाण्याएवढे आणलेले हे पिल्लू नीट जगले तर मादी २५ सेंटिमीटरहून मोठी होऊ शकते आणि वीस-तीस वर्षे सहज जगते, हे विकत घेताना कोणी सांगत नाही.

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले भारतीय तारा कासव किंवा आपल्या तळ्यांतील मऊ पाठीची भारतीय कासवे पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. १९७२ च्या या कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तारा कासव आता पहिल्या अनुसूचीत आहे. अशा कासवाची हिवाळ्यातील काळजी कशी घ्यावी, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एकच आहे : ते वन विभागाच्या स्वाधीन करावे.

प्रश्न : महाराष्ट्रातील थंडी ती केवढी, तिचा कासवाला खरोखर त्रास होतो का?

होतो, आणि तो थंडी कडाक्याची नसल्यामुळेच अधिक होतो. कासव हा थंड रक्ताचा प्राणी आहे, म्हणजे त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याइतके आणि हवेइतकेच असते. आपण स्वेटर घातला की आपलीच ऊब आत राहते. कासवाजवळ राखून ठेवण्यासारखी स्वतःची ऊबच नसते. पाणी १६ अंश सेल्सिअस असेल तर त्याचे हृदय, आतडी आणि रोगांशी लढणाऱ्या पेशी हे सारे १६ अंशांवर काम करतात, म्हणजे जवळजवळ करतच नाहीत.

मुंबईत आणि कोकणपट्टीत रात्रीचा पारा क्वचितच फार खाली येतो आणि बंद घरातील पाणी बरेचदा २२-२३ अंशांवर टिकते, म्हणून तिकडे पुष्कळ कासवे हीटरशिवायही हिवाळा काढतात. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर आणि संपूर्ण विदर्भ यांची गोष्ट वेगळी आहे. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिवस आणि रात्र यांतील तफावत. दुपारी २८ आणि पहाटे १०, असा झोका पठारावर जानेवारीत नित्याचा असतो. दुपारच्या उबेत कासव खाते आणि रात्रीच्या गारठ्यात ते अन्न पोटात तसेच पडून राहते.

प्रश्न : कासवे थंडीत शीतनिद्रा घेतात ना? मग त्याला झोपू का देऊ नये?

मूळ प्रदेशाच्या थंड भागात हे कासव शीतनिद्रा घेते, हे खरे आहे. पण ती झोप म्हणजे नुसते डोळे मिटणे नव्हे. शरद ऋतूत पाणी हळूहळू गार होत जाते तसे ते आठवडेच्या आठवडे खाणे कमी करत नेते, आतडी रिकामी करते आणि मग तळ्याच्या तळाशी गाळाजवळ जाऊन बसते. तेथे पाणी दहा अंशांच्या खाली स्थिर असते. हृदयाचे ठोके अगदी मोजके होतात, आणि पाण्यात विरघळलेला थोडासा प्राणवायू ते त्वचेतून व शरीरातील ओलसर अस्तरांतून शोषून घेते. प्राणवायूशिवाय काम करताना शरीरात जे आम्ल साठते, त्याचा जोर कवचातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळून कमी करते. कवच हे कासवाचे केवळ चिलखत नसून हिवाळ्यातील औषधाचे कपाटही असते.

आता आपल्या दिवाणखान्यातील टाकी पाहा. तेथील पाणी १२ ते २० अंशांच्या मध्ये कुठेतरी लटकत असते. शीतनिद्रेसाठी ते गरम आहे आणि जगण्यासाठी गार. शरीर पूर्ण थांबत नाही, त्यामुळे साठवलेली चरबी जळत राहते. पण पचन थांबलेले असते, त्यामुळे नवी भर पडत नाही. पोटात अन्न उरले असेल तर ते कुजते. रोगप्रतिकारक शक्ती मंदावलेली असताना पाण्यातील जिवाणू मात्र मंदावत नाहीत. अशा अवस्थेत दोन-तीन आठवडे राहिलेल्या कासवाला फुप्फुसांचा दाह होणे अजिबात नवलाचे नाही. ज्याला आपण झोप म्हणतो ती बहुतेक वेळा उपासमार आणि आजारपण यांची सुरुवात असते.

म्हणून या मजकुराची भूमिका स्पष्ट आहे : महाराष्ट्रातील घरात या कासवाला झोपवू नये, वर्षभर जागे आणि उबदार ठेवावे. शीतनिद्रा घेतली नाही म्हणून पाळीव कासवाचे आयुष्य घटत नाही. ज्यांना प्रजननच करायचे आहे असे अनुभवी पाळक परदेशात नियंत्रित शीतनिद्रा घडवतात, परंतु घरात एक-दोन कासवे असणाऱ्याने त्या वाटेला जाण्याचे काही कारण नाही.

प्रश्न : परदेशातील लोक कासव चक्क फ्रिजमध्ये ठेवताना चित्रफितींत दिसतात. ते कसे?

ते खरे आहे, पण ती कासवे वेगळी. ब्रिटन आणि जर्मनीत भूमध्य समुद्राकाठच्या जमिनीवरील कासवांना फ्रिजमध्ये सुमारे ५ अंशांवर काही आठवडे ठेवतात. त्याआधी त्यांचे वजन पाहतात, तपासणी करतात आणि काही आठवडे पोट रिकामे करून घेतात. ती पद्धत त्या जातींसाठी आणि त्या देशांच्या लांबलचक हिवाळ्यासाठी घडलेली आहे. आपल्या फ्रिजमध्ये पाणकासव ठेवणे म्हणजे त्याला मारणे होय.

युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. युरोपीय संघाने २०१६ मध्ये या कासवाचा समावेश आक्रमक परकी प्रजातींच्या यादीत केला असून तेथे त्याची विक्री आणि नव्याने पाळणे यांवर बंदी आहे.

प्रश्न : पाण्याचे तापमान नेमके किती ठेवावे?

मोठ्या, निरोगी कासवासाठी २४ ते २६ अंश, आणि पाच-सहा सेंटिमीटरच्या पिल्लासाठी २६ ते २८ अंश. आजारी कासवालाही २७-२८ अंशांची ऊब द्यावी. वीस अंशांच्या खाली भूक मंदावते आणि पंधराच्या आसपास खाणे बहुधा पूर्ण थांबते. हात घालून पाण्याचा अंदाज घेऊ नये. आपल्या हाताला २१ अंशांचे पाणी थंडीत कोमटच वाटते. शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा बुडणारा थर्मामीटर टाकीत हीटरपासून दूरच्या टोकाला लावावा आणि दुपारी नव्हे, तर पहाटे उठल्याबरोबर पाहावा. कासवाची रात्र कशी गेली ते पहाटेचा आकडा सांगतो.

प्रश्न : हीटर कोणता आणि किती वॅटचा घ्यावा?

माशांच्या टाकीसाठी मिळतो तोच, पाण्यात पूर्ण बुडणारा आणि ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद होणारा हीटर घ्यावा. साधारण हिशेब दर लिटर पाण्यास एक वॅट असा धरावा; म्हणजे शंभर लिटर पाण्याला शंभर वॅट. नाशिक किंवा नागपूरसारख्या ठिकाणी, आणि विशेषतः टाकी खिडकीजवळ किंवा बंद गॅलरीत असेल तर, दीडपट क्षमतेचा घ्यावा. गरजेपेक्षा फार मोठा हीटर मात्र घेऊ नये, कारण त्यातील नियंत्रक बिघडून तो चालूच राहिला तर थोड्या पाण्याचे तापमान धोकादायक होण्यास वेळ लागत नाही.

येथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. पिल्लासोबत दुकानातून जे प्लॅस्टिकचे भांडे मिळते, मधोमध नारळाचे झाड असलेले, त्यात हीटर बसतच नाही. त्यातील दोन-तीन लिटर पाणी रात्री काही तासांतच खोलीइतके गार होते. माझ्या मते थंडीत दगावणाऱ्या पिल्लांच्या मृत्यूला थंडीइतकेच ते भांडेही जबाबदार असते. कवचाच्या दर इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी हे प्रमाण कितीही मोठे वाटले तरी त्याच्या निम्म्यानेही पाणी दिले तर तापमान टिकवणे सोपे जाते. मोठे पाणी सावकाश गार होते आणि कासवाला सवयीसाठी वेळ देते.

प्रश्न : हीटरचा शॉक बसेल किंवा कासव भाजेल अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे. मोठे कासव काचेचा हीटर सहज फोडते, म्हणून त्याभोवती प्लॅस्टिकची जाळीदार नळी बसवावी किंवा धातूच्या वेष्टनाचा हीटर घ्यावा. उघड्या हीटरला टेकून झोपलेल्या कासवाच्या पोटाकडील कवचाला भाजल्याच्या जखमाही होतात. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. तापलेली काच हवेत उघडी पडली की तडकते आणि पुन्हा पाण्यात बुडवली की फुटते. टाकीत हात घालताना बटण बंद करण्यावर न थांबता प्लग काढूनच घ्यावा. वायर प्लगपर्यंत नेताना ती आधी प्लगच्या पातळीखाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता झोलापाशी खाली ठिबकते. घरात गळती-प्रवाह तोडणारा ब्रेकर नसेल तर तो बसवून घ्यावा; तो कासवापेक्षाही तुमच्यासाठी आहे.

प्रश्न : रात्री वीज गेली तर काय करावे?

घाई करू नये. शंभर लिटर पाणी दोन-तीन तासांत फारसे गार होत नाही. त्यातही टाकीच्या मागे, दोन्ही बाजूंना आणि तळाखाली थर्मोकोलचे पत्रे आधीच लावून ठेवले असतील तर आणखी वेळ मिळतो. हा हिवाळ्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. वीज जास्त वेळ गेली तर टाकीवर जुनी गोधडी पांघरावी, हवेसाठी एका कोपऱ्यात फट ठेवावी आणि झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत गरम पाणी भरून ती टाकीत तरंगत सोडावी. उकळते पाणी थेट टाकीत ओतू नये. आमच्या घरी एकदा जानेवारीत रात्रभर वीज नव्हती. दर दीड तासाने बाटली बदलत पाणी २२ अंशांवर राखता आले, मात्र त्या रात्री घरातील माणसांची झोप झाली नाही.

प्रश्न : विजेचे बिल फार वाढेल का?

शंभर वॅटचा हीटर दिवसातील निम्मा वेळ चालू राहिला तर रोज १.२ युनिट होतात. ऊन खाण्याच्या जागेवरील ६० वॅटचा दिवा दहा तास जळला तर आणखी ०.६ युनिट. म्हणजे महिन्याला ५४ युनिट, आणि थर्मोकोल व झाकण असेल तर त्याहूनही कमी. हा खर्च साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांचाच आहे.

प्रश्न : पाणी गरम ठेवले तर वर दिवा कशाला हवा?

पाणकासव पाण्यात पोहते, पण अंग शेकण्यासाठी त्याला कोरडी जागा लागतेच. ओल्या कवचावर बुरशी आणि जिवाणू वाढतात. पूर्ण कोरडे झालेले कवच आणि ३० ते ३३ अंशांची ऊब हाच त्यावरचा निसर्गाचा उपाय आहे. शिवाय खाल्लेले अन्न पचवण्यासाठी ते पाण्यापेक्षा गरम जागा शोधते. थंडीत वरची हवा १५ अंश आणि पाणी २५ अंश असेल तर कासव बाहेर येईनासे होते आणि आले तर गार हवा फुप्फुसांत ओढते. हा फरक कमी करण्यासाठी टाकीला सैल झाकण असावे आणि बसण्याच्या फळीवर दिवा असावा.

दिवा जुन्या तारेचा, पिवळा, ६० वॅटचा असला तरी चालतो. तो फळीपासून २५-३० सेंटिमीटर उंच लावून त्याखालील तापमान मोजावे. हल्ली घरोघरी एलईडी दिवे आहेत, त्यामुळे अनेकजण तोच टाकीवर लावतात आणि कासव दिव्याखाली का बसत नाही म्हणून विचारतात. एलईडीच्या उजेडात ऊब जवळजवळ नसते. उबेचा दिवा सकाळी लावून संध्याकाळी बंद करावा. रात्री कासवाला अंधार हवा असतो.

प्रश्न : टाकी खिडकीत ठेवली तर ऊन मिळेल ना?

उजेड मिळेल, पण ज्या अतिनील किरणांमुळे त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते, ते किरण खिडकीच्या काचेतून पार होत नाहीत. ड-३ नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडते. म्हणून एकतर युव्हीबी नळी लावावी आणि ती पेटत असली तरी वर्षभरात बदलावी, कारण तिच्यातील अतिनील किरण उजेडाच्या आधीच संपतात. नाहीतर कासवाला खरे ऊन द्यावे. आपल्या अक्षांशांवर हे सोपे आहे. डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो आणि दुपारचा सूर्य चांगला वर असतो. अकरा ते तीन या वेळात, वारा नसलेल्या गच्चीत किंवा अंगणात, पसरट टबात अर्धी सावली करून अर्धा तास ठेवले तरी पुष्कळ होते. काचेची टाकी मात्र उन्हात कधीही ठेवू नये, ती भट्टीसारखी तापते. टबावर जाळी टाकावी आणि जवळच बसावे. कावळे, घारी आणि मांजरे यांना तुमचे कासव पाळीव आहे हे ठाऊक नसते.

प्रश्न : थंडी सुरू झाल्यापासून कासव खात नाही. किती दिवस वाट पाहावी?

प्रथम थर्मामीटर पाहावा. पाणी २२ च्या खाली असेल तर दिवसाला एक-दोन अंश या गतीने ते २५ पर्यंत न्यावे. बहुतेक कासवे त्यानंतर तीन-चार दिवसांत खाऊ लागतात. पाणी गार असताना भूक जागवण्यासाठी कोळंबीचे आमिष दाखवू नये, कारण त्याने ते खाल्ले तरी पचवू शकणार नाही. आधी ऊब आणि मग अन्न, हा क्रम उलटू नये.

पाणी उबदार आहे, कासव पोहते आहे, डोळे स्वच्छ आहेत आणि तरीही खात नाही, असे असेल तर मोठ्या कासवासाठी आठ-दहा दिवस चिंता करू नये. पिल्लासाठी मात्र चार-पाच दिवस पुरेत. दर रविवारी स्वयंपाकघरातील नव्हे, तर कासवासाठी वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर वजन करून वहीत टिपावे. दहा टक्के वजन घटले तर डॉक्टरांकडे जावे. मोठी मादी खाणे सोडून सतत बाहेर पडण्याची धडपड करत असेल आणि मागच्या पायांनी फळी उकरत असेल तर ती अंड्यावर आलेली असू शकते. नर नसतानाही मादी अंडी घालते. तिला ओलसर मातीची खोल पाटी द्यावी. तेवढ्याने न भागल्यास एक्स-रे काढावा लागतो.

प्रश्न : हिवाळ्यात काय खायला घालावे?

तापमान राखले असेल तर आहार नेहमीचाच : पिल्लाला रोज, मोठ्याला दोन दिवसांआड, आणि जे पंधरा-वीस मिनिटांत संपेल तेवढेच. चांगल्या प्रतीच्या गोळ्या हा आधार; त्यासोबत किसलेला लाल भोपळा, गाजर, लेट्यूसची पाने, जास्वंदीची पाने व फुले. भोपळा आणि गाजर यांतून अ जीवनसत्त्व मिळते, ज्याच्या अभावी पापण्या सुजतात. पालक अधूनमधून चालेल, पण रोज नको. त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवते. बाजारातील सुकट आणि जवळा खारवलेले असू शकतात, म्हणून टाळावेत. पोळी, भात, दूध आणि बिस्किटे यांचा कासवाच्या आहाराशी काही संबंध नाही.

प्रश्न : पाणी बदलताना काय सांभाळावे?

नळाचे पाणी जानेवारीत १८ अंशांवर असू शकते. एक तृतीयांश पाणी बदलावे आणि नवे पाणी गीझरच्या पाण्यात मिसळून टाकीच्या तापमानाच्या जवळ आणूनच घालावे. हीटरमुळे पाण्याची वाफ अधिक होते, म्हणून हीटरवरील पाण्याची खूण दर दोन दिवसांनी पाहावी. थंडी वाजेल म्हणून पाणी न बदलणे, ही चूक थंडीइतकीच महागात पडते.

प्रश्न : कासवाला सर्दी झाली आहे हे कसे ओळखावे आणि काय करावे?

माणसासारखी किरकोळ सर्दी कासवाला होत नसते. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, मान ताणून धरणे आणि श्वासासोबत शिट्टीसारखा किंवा टकटक आवाज येणे, ही फुप्फुसांपर्यंत पोहोचलेल्या संसर्गाची लक्षणे आहेत. सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे तिरके पोहणे. एका बाजूच्या फुप्फुसात स्राव साठला की ती बाजू जड होते आणि कासव कललेल्या होडीसारखे दिसते. कासवाच्या शरीरात आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधील स्नायूचा पडदा, नसते, त्यामुळे ते खोकून स्राव बाहेर टाकू शकत नाही; जे साठले ते साठूनच राहते. म्हणूनच वाट पाहून बरे होण्याची शक्यता कमी असते.

असे दिसले तर पाणी २७-२८ अंशांवर न्यावे, पाण्याची उंची इतकी कमी करावी की ते उभे राहून सहज नाक बाहेर काढू शकेल, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. उपचार बहुधा प्रतिजैविकांच्या इंजेक्शनांचा असतो. ते शरीराच्या पुढील भागात, पुढच्या पायाच्या स्नायूत देण्याचा प्रघात आहे, कारण मागील भागातील रक्त आधी मूत्रपिंडातून जाते. कासवाचे शरीर गार असेल तर औषध नीट पसरत नाही आणि उतरतही नाही, म्हणून उपचार चालू असताना हीटर कमी करू नये. घरातील उरलेल्या गोळ्या, माणसाचे खोकल्याचे औषध, कापराचा किंवा बामाचा वाफारा यांपैकी काहीही करू नये. पापण्या सुजल्या म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शनही देऊ नये. जास्त मात्रेने कातडी सोलून निघते.

कासव तपासणारे डॉक्टर प्रत्येक गावात नसतात. महाराष्ट्रात नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळच्या ठिकाणी फोनवर चौकशी करावी आणि ती चौकशी कासव आजारी पडण्याआधी, नोव्हेंबरमध्येच करून ठेवावी.

प्रश्न : सकाळी पाहिले तर कासव अजिबात हलत नव्हते. ते मेले का?

गारठलेले कासव मेल्यासारखेच दिसते, म्हणून लगेच पुरू नये. त्याला पाण्याबाहेर काढून कोरड्या टॉवेलवर ठेवावे, कारण हातापायांत बळ नसलेले कासव पाण्यात बुडूही शकते. खोली बंद करून दोन-तीन तासांत हळूहळू २५ अंशांपर्यंत ऊब द्यावी. हेअर ड्रायर, शेगडी, तव्यावर शेकणे किंवा कडकडीत पाण्यात बुडवणे, हे सारे घातक आहे. पापणीच्या कडेला अलगद स्पर्श करावा, मागचा पाय ओढून पाहावा. क्षीण का होईना, प्रतिसाद मिळाला तर हळूच उबदार, हनुवटीपर्यंतही न येणाऱ्या पाण्यात ठेवावे आणि डॉक्टरांना गाठावे. डोळे खोल गेले असतील, अंग मऊ पडून दुर्गंधी येत असेल तर आशा उरलेली नसते.

प्रश्न : थंडीत कवच कोरडे पडते. खोबरेल तेल किंवा हळद लावावी का?

नाही. कवचाला तेल लावल्याने ते चकाकते, पण तेलाखाली ओल आणि घाण कोंडते. कवचावरील पातळ पापुद्रे अधूनमधून आपोआप सुटतात. ते नखाने ओढू नयेत. पांढरा, मऊ, वास येणारा डाग असेल तर तो कोरडेपणा नसून संसर्ग आहे.

प्रश्न : घरात लहान मुले आहेत आणि थंडीत टाकी स्वयंपाकघरात आणावी म्हणतो.

आणू नये. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणावरून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद आहे, कारण मुले ती तोंडात घालत. टाकी दिवाणखान्याच्या आतल्या भिंतीला लावावी, तिचे पाणी ओट्यावरील सिंकमध्ये ओतू नये आणि कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील मुलांनी ते हाताळू नये, हेच बरे.

प्रश्न : डिसेंबरच्या सुटीत आठवडाभर गावाला जायचे आहे.

निरोगी मोठे कासव आठवडाभर उपाशी राहू शकते, पण आठवडाभर गारठू शकत नाही. शेजाऱ्यांना खायला घालायला सांगण्यापेक्षा रोज एकदा थर्मामीटर पाहायला सांगावे. सोबत न्यायचेच असेल तर पाण्यात नव्हे, हवेसाठी भोके पाडलेल्या डब्यात ओलसर टॉवेलवर न्यावे आणि डबा गाडीच्या थंड हवेपासून दूर ठेवावा.

प्रश्न : एवढे सगळे जमणार नाही. गावच्या तळ्यात सोडून दिले तर?

त्याला मोकळे केल्याचे पुण्य लागेल असे अनेकांना मनापासून वाटते. देवळाच्या सभामंडपातील कासवाला नमस्कार करूनच आत जाणारी आपण माणसे आहोत. पण हे कासव आपल्या पाण्याचे नाही. ते चिवट आहे, बहुतेक सर्व काही खाते आणि देशी कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावते. जगातील शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. आपल्या शहरांतील तलावांत ते आढळू लागले आहे, आणि त्यांपैकी प्रत्येक कासव कोणाच्या तरी दिवाणखान्यातून आलेले आहे. सांभाळणे शक्य नसेल तर दुसरा पाळक शोधावा किंवा प्राणी पुनर्वसन करणाऱ्या संस्थेशी बोलावे.

याउलट, शेतात किंवा विहिरीजवळ देशी कासव सापडले तर ते थंडीने गारठले असेल म्हणून घरी आणू नये. जखमी नसेल तर तेथेच राहू द्यावे. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : हीटर केव्हा काढावा?

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, पण पाण्याला ते लगेच कळत नाही. फेब्रुवारीतही पठारावर पहाटे चांगलाच गारवा असतो. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे कासवाच्या बाबतीतही बऱ्यापैकी खरे ठरते. होळीच्या सुमारास हीटरचे तापमान आठवड्याला एक अंश कमी करत २३ वर आणावे. त्यानंतर सलग आठ दिवस पहाटेचे पाणी हीटर सुरू न होताही २४ अंशांच्या खाली जात नसेल तर हीटर काढून, व्हिनेगरच्या पाण्याने त्यावरील क्षारांचा थर धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावा. थर्मोकोल मात्र फेकू नये, दिवाळीनंतर तो पुन्हा लागतोच.